औषधाचं बिल चेहऱ्यावर

औषधाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. पतंगाच्या कागदासारखा पातळ, आणि अक्षरं अशी की मुंगीनेच लिहिली असावीत. तो कागद आपण वाचत नाही, थेट कचऱ्याच्या डब्यात टाकतो. डॉक्टरही घाईत असतात. पित्त होईल, झोप येईल, तोंड कोरडं पडेल, एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावतात. या गोळीने तोंडावर पुरळ उठू शकतं, हे वाक्य बहुतेक वेळा राहूनच जातं. त्यांच्या हिशेबात ते किरकोळ. आपल्या हिशेबात मात्र तसं नसतं, कारण सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगला तो चेहरा घेऊन आपल्यालाच बसायचं असतं.

आज याच किरकोळ गोष्टीविषयी बोलू या. पिंपल्सवर या पानावर आधीही पुष्कळ लिहून झालंय. पण आजचे पिंपल्स वेगळे आहेत. ते वयाचे नाहीत, वडापावचे नाहीत आणि रात्री जागून सिरीज बघण्याचेही नाहीत. ते औषधाचे आहेत.

साबुदाण्याचं पीक

मी मूळची यवतमाळची, नोकरीने पुण्याची. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याला आतून सूज आली. युव्हिआयटिस असं तिचं नाव. डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन नावाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. आधी जास्त, मग दर आठवड्याला थोड्या कमी, अशा अडीच महिने. डोळा झपाट्याने सुधारला, आणि तिसऱ्या आठवड्यात खांद्यांवर, छातीवर आणि मग कपाळावर पुरळ उठलं. सगळे फोड एका मापाचे. भिजवलेला साबुदाणा कोणी चाळणीने सारखा करून चिकटवावा तसे!

मग सल्ल्यांची लाइन लागली. ऑफिसमधली एक म्हणाली, पाणी वाढव. दुसरी म्हणाली, मुलतानी माती लाव. आमच्या टीममधला एकजण, ज्याला कोणी काही विचारलंही नव्हतं, म्हणाला, "बाहेरचं खाणं कमी कर." मी डबा घेऊन जाते, हे त्याला रोज दिसत होतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी खाण्यापिण्याचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" आणि दुसरा, "कोणत्या तारखेपासून?" या दोन प्रश्नांमध्ये आजचा अर्धा लेख आला. चेहऱ्यावर अचानक पीक आलं तर आधी स्वतःला हेच दोन प्रश्न विचारा.

खरं पिंपल की औषधाचं?

नेहमीच्या मुरमांमध्ये सगळा बाजार भरलेला असतो. काळी टोकं, पांढरी टोकं, लाल फोड, पू धरलेले, दुखणाऱ्या गाठी, सगळं एकाच चेहऱ्यावर. औषधाने येणारं पुरळ शिस्तीचं असतं. सगळे फोड साधारण एका आकाराचे, एकाच वेळी उगवलेले. काळी टोकं जवळजवळ नसतात. चेहऱ्याइतकीच, कधी जास्तच, छाती, पाठ, खांदे आणि दंड भरतात. ज्याला कॉलेजातही कधी पिंपल आला नाही, त्याला तिशीत अचानक येतात.

तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडने हे बहुधा काही आठवड्यांत सुरू होतं. म्हणून तारखा जुळवणं महत्त्वाचं. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये गोळी सुरू केल्याचा दिवस आणि पुरळ दिसल्याचा दिवस टाकून ठेवा. डॉक्टरला यातून जे कळतं ते दहा सेल्फींमधून कळत नाही.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. छाती-पाठीवरचे बारीक फोड जर खूप खाजत असतील, तर ते मुरूम नसून केसांच्या मुळांशी वाढलेलं फंगस असू शकतं. स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक खूप दिवस घेतल्यावर हे जास्त होतं. त्याला मुरमांची औषधं लागू पडत नाहीत, बुरशीचं औषध लागतं. त्यामुळे 'माझ्या मैत्रिणीला याने फरक पडला' हे वाक्य इथे चालणार नाही.

संशयितांची यादी

पहिला नंबर अर्थातच स्टिरॉइडचा. दमा, संधिवात, किडनीचे आजार, डोळ्याची सूज, अंगावरच्या जुनाट ॲलर्जी यांसाठी ती दिली जातात आणि अनेकदा जीव किंवा अवयव वाचवतात. १९४८-४९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, तेव्हा जगाला तो चमत्कारच वाटला. १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं. २०२१ च्या कोविड लाटेत आपल्याकडे डेक्सामेथासोन हा शब्द घरोघरी पोचला. तेही याच घराण्यातलं.

दुसरं घराणं जिममधलं. तिथल्या 'कोर्स'मध्ये जी इंजेक्शनं दिली जातात ती ॲनाबोलिक स्टिरॉइडं, म्हणजे पुरुषी हार्मोनची भावंडं. ती तेलग्रंथींना ओव्हरटाइमला बसवतात. दंड फुगतो आणि पाठ फोडांनी भरते. पाठ टी-शर्टखाली झाकलेली असते, म्हणून पोरं बोलत नाहीत.

तिसरं, टीबीच्या औषधांमधलं आयसोनियाझिड. शिवाय फिट येणाऱ्यांचं फेनिटॉइन, मूडच्या आजारावरचं लिथियम, काही गर्भनिरोधकं, विशेषतः फक्त प्रोजेस्टिन असलेली. कॅन्सरच्या काही नव्या औषधांनीही मुरमांसारखं दिसणारं पुरळ येतं, पण ते मुरूम नसतात आणि त्याचे उपचार वेगळे.

आणि हो, बी-१२! आपल्यातल्या निम्म्या शाकाहारी मंडळींचा रिपोर्ट कमी येतो आणि मग इंजेक्शनांचा कोर्स लागतो. काहीजणांना त्यानेही मुरूम येतात. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की जास्तीचं बी-१२ मिळालं की त्वचेवरच्या जिवाणूंचा कारभार बदलतो आणि ते सूज आणणारे पदार्थ जास्त बनवू लागतात. म्हणून इंजेक्शन घेऊ नका असं नाही. डॉक्टरांनी पाच सांगितली असतील तर पाचच घ्या. 'ताकद येते' म्हणून सहावं आणि सातवं नको.

गोया बंद कर

आता यवतमाळची गोष्ट. माझी मामेबहीण दारव्ह्याला एका पतसंस्थेत कॅशवर बसते. वय पंचवीस. दिवाळीनंतर तिच्या मानेला गाठ आली. यवतमाळला सुई टाकून तपासणी झाली आणि निदान निघालं टीबीचं. फुप्फुसाचा नाही, गाठींचा. हा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण एवढं ऐकून घ्यायला थांबतंय कोण? मामीने ठरवून टाकलं, गावात सांगायचं नाही. थायरॉइड आहे म्हणायचं.

गोळ्या सरकारी, मोफत. २०१७ पासून आपल्याकडे टीबीचं औषध रोजच्या रोज घ्यायचं असतं. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आहारासाठी बँकेच्या खात्यात पैसेही येतात. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपयांपासून ही योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. बहिणीचं सगळं सुरळीत चाललं होतं. वजन वाढलं, ताप गेला, गाठ लहान झाली.

जानेवारीत चेहरा भरला. गाल, हनुवटी, पाठ. मामीच्या शेजारणीने विचारलंच, "काहून वं, पोरीच्या तोंडाले काय झालं?" थायरॉइडची कथा आता कमी पडायला लागली. त्यात मार्चमध्ये अमरावतीचं एक स्थळ यायचं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचे चांगले. मामीने मला फोन करून हळू आवाजात सांगितलं, "मी म्हणतो, महिनाभर गोया बंद कराव. गाठ तं गेलीच आहे. पोराकडचे पाहून गेले का मग पुन्हा चालू करू."

ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मामीचा राग नाही आला. तिला मुलीच्या चेहऱ्यापेक्षा मुलीची काळजी जास्त आहे, हे मला माहीत आहे. पण बरं वाटतंय आणि बरं झालंय यांत सहा महिन्यांचं अंतर असतं. मधेच गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू त्याच औषधांना दाद न देणारे होऊ शकतात. मग सहा महिन्यांच्या जागी जास्त लांब, जास्त जड कोर्स. मुरमांचे डाग वर्षभरात फिके होतात. औषधाला न जुमानणारा टीबी तसा फिका होत नाही.

हीच गोष्ट तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडची. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं जवळपास थांबवतं. कारखान्याला टाळं लावल्यासारखं. एका रात्रीत गोळी बंद केली तर कारखाना सुरू व्हायला वेळ लागतो आणि तोवर चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं, कधी जिवावर बेतणं इथपर्यंत मजल जाते. फिटच्या गोळ्यांचंही तेच. म्हणून या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पुरळ आलं म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ज्यांनी दिलं त्यांना दाखवायचं. डोस कमी होईल का, बदली औषध आहे का, की आहे तेच चालू ठेवून वरून उपाय करायचा, हे ते ठरवतील.

पर्समधली ट्यूब

मामीला समजावणं सोपं गेलं. खरी भानगड वेगळीच निघाली. बहिणीच्या पर्समध्ये एक ट्यूब सापडली. पतसंस्थेतल्या मैत्रिणीने दिलेली. "ताई, आठ दिवसांत एकदम क्लीन होते. ती तर दोन वर्षांपासून लावते." कुठून आणली? मेडिकलमधून. चिठ्ठी? "चिठ्ठी कायले लागते? क्रीम तं आहे."

मी तिला ट्यूबचा फोटो पाठवायला सांगितला. मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती. एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध आणि तिसरं क्लोबेटासोल. हे तिसरं म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. म्हणजे औषधाने आलेल्या मुरमांवर उपाय म्हणून मुरूम आणणारंच औषध! चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या.

ही ट्यूब भूल कशी घालते ते समजून घ्या. स्टिरॉइड लावलं की सूज आणि लाली तात्काळ दबते, रंग उजळ दिसतो. पहिले पंधरा दिवस आरसा तुमच्यावर खूश. आतमध्ये मात्र कातडी पातळ होत जाते आणि केसांच्या मुळांच्या भिंती कमकुवत होतात. मग मुरूम येतात, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालांवर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. म्हणून क्रीम बंद करावं, तर चार दिवसांत चेहरा आधीपेक्षा दुप्पट भडकतो. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. दारूसारखंच हे व्यसन आहे. फक्त इथे झिंग चेहऱ्याला चढते. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी या अवस्थेला नावच दिलं आहे. मराठीत म्हणायचं तर, स्टिरॉइडने बिघडलेला आणि स्टिरॉइडवरच अवलंबून राहिलेला चेहरा.

ही एकट्या दारव्ह्याची कथा नाही. लखनौचे डॉ. अबीर सारस्वत आणि देशभरातल्या १२ केंद्रांमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. त्यापैकी २९ टक्के लोक ते गोरेपणाचं किंवा रोजचं साधं क्रीम म्हणून, नाहीतर दाढीनंतर लावायला वापरत होते. २४ टक्के चक्क मुरमांसाठी! २५७ जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हताच आणि त्यातल्या २३२ जणांच्या हाती जहाल प्रकारचं स्टिरॉइड पडलं होतं. जहाल ट्यूब वापरण्याचं प्रमाण शहरापेक्षा गावाकडे आणि उपनगरांत जास्त होतं. आणि सगळ्यात जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम.

कायद्याने मग डोळे उघडले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यात अशी तीन-तीन औषधं कालवलेली काही क्रीमंही होती. पण कायदा दिल्लीत होतो आणि ट्यूब काउंटरवर विकली जाते. काउंटरच्या या बाजूला आपण उभे असतो.

गोरेपणाच्या हव्यासाबद्दल काय बोलायचं? १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द २०२० मध्ये गेला. पाहायला येणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांतून तो अजून गेलेला नाही.

मग करायचं काय?

बहिणीने ट्यूब फक्त चार दिवस लावली होती, म्हणून ती स्वस्तात सुटली. तिला यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. दारव्ह्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरसाठी नागपूर गाठायची गरज नाही. टीबीचं कार्ड सोबत होतं, त्यामुळे सगळं पाच मिनिटांत उलगडलं. तिला आणि मला मिळालेल्या सल्ल्यांचं सार असं:

१. सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. गोळ्या, इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या, जिमची पावडर, आयुर्वेदिक पुड्या, क्रीम, सगळं. 'ते काय सांगायचं' असं जे वाटतं, बहुतेक वेळा गुन्हेगार तेच असतं.

२. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि रात्री ॲडापॅलिन ०.१ टक्के जेल, या दोन गोष्टी बऱ्याच जणांना पुरतात. वाटाण्याएवढं जेल सबंध चेहऱ्याला. फोडावर थापायचं नाही. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कातडी सुटेल, थोडं चुरचुरेल. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो, तेव्हा आईचा ठेवणीतला अभ्रा वापरू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

३. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दर चार दिवसांनी क्रीम बदलणाऱ्यांना कधीच फरक दिसत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी फोटो काढा.

४. पोटातून घ्यायच्या औषधांच्या वाटेला स्वतःहून जाऊ नका. मुरमांवर सर्रास दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन टीबीच्या रिफॅम्पिसिनसोबत नीट काम करत नाही, कारण रिफॅम्पिसिन ते शरीरात लवकर संपवून टाकतं. हेच रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही कमी करतं. आणि आयसोट्रेटिनॉइन हे जोरदार औषध पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग आणू शकतं, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नाहीच.

५. टीबीच्या गोळ्यांसोबत दिलेलं बी-६ बंद करू नका. ते नसांच्या रक्षणासाठी असतं.

६. स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरला विचारा. चेहरा भडकेल. त्यासाठी वेगळी औषधं आहेत. तो काळ काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा असतो आणि तो संपतो.

७. आपलं ऊन विसरू नका. यवतमाळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. ॲडापॅलिनवर असताना जेलसारखं, तेलकट नसलेलं एसपीएफ ३० सनस्क्रीन लावा. स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्टोल रोज धुतलेला हवा. कालच्या घामाचा स्टोल म्हणजे गालाला बांधलेली ओली पट्टी. डोक्याला तेल लावत असाल तर ते कपाळावर ओघळू देऊ नका.

८. चेहरा दिवसातून दोनदा, साध्या फेसवॉशने. स्क्रब नको. घासून जात असते तर भांड्यांच्या बाईंनी सगळ्यांचे मुरूम कधीच घालवले असते!

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवायची सोय आहे, आणि तो पेशंटलाही कळवता येतो. २०१० पासून आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. त्याचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४. टीबीबद्दल काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६. शेजारणीला विचारण्यापेक्षा इथे विचारलेलं बरं.

लोक काय म्हणतील, या विभागासाठी

औषधाच्या पुरळातला अर्धा त्रास त्वचेचा, अर्धा तोंडांचा. म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडांचा. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस तुमच्या प्रमोशनबद्दल विचारायला लाजतो, पण "चेहऱ्याला काय झालं?" हे बिनदिक्कत विचारतो. मी एक उत्तर ठरवून टाकलं होतं: "एका औषधामुळे आलंय, ट्रीटमेंट चालू आहे." एवढंच. कोणतं औषध, कशासाठी, हे सांगायचं की नाही ते आपल्या हातात. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवावासा वाटला तर ठेवा, पण प्रेझेंटेशन दुसऱ्याला देऊन टाकू नका. त्या महिन्यांत मी दोन डेमो दिले. क्लायंटने बगबद्दल अकरा प्रश्न विचारले, कपाळाबद्दल एकही नाही.

आणि तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कोणाचा चेहरा असा भरला असेल, तर मुलतानी माती सुचवू नका. गोळ्या कशाच्या चालू आहेत हेही खोदू नका. जेवायला सोबत न्या.

राहिली गोष्ट अमरावतीच्या स्थळाची. मार्चमध्ये मंडळी येण्याआधी बहिणीने स्वतः मुलाला फोन केला. सांगितलं, गाठीचा टीबी होता, औषधं मेपर्यंत चालू आहेत, तोंडावरचं पुरळ त्याचंच आहे, यायचं तर हे माहीत असताना या. मामी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मुलाने सगळं ऐकून घेतलं, मग त्याच्या घरून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जानेवारीतच जुळली होती. बहिणीने एक संध्याकाळ रडून घेतलं आणि रात्री जेवणानंतर रोजची गोळी घेतली.

मेमध्ये कोर्स पूर्ण झाला. शेवटच्या तपासणीत सगळं ठीक निघालं. पुरळ त्यानंतर हळूहळू ओसरलं. डाग आहेत, पण फिके होताहेत. पर्समधली ती ट्यूब देणारी मैत्रीण मागच्या महिन्यात कॅश काउंटरवर येऊन हळूच म्हणाली, "माझे गाल उन्हात लय जळतात वं." बहिणीने चष्मा लावला, तिची ट्यूब हातात घेतली, मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली आणि शनिवारी तिला घेऊन यवतमाळच्या एसटीत बसली.